तेजोमेघाचा फोटो काढायचाय, जवळ फक्त २००डी आणि ५५-२५० आहे. कुठे चुकतंय?

हडपसरचा_हौशी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

गेल्या अमावस्येला भोरच्या पुढे मामांच्या शेतावर गेलो होतो, खास मृगातला तेजोमेघ (नेब्युला, आकाशातला चमकणारा वायूचा ढग) म्हणजे एम४२ टिपायला. सामान काय तर कॅनन २००डी, किटसोबत आलेली ५५-२५० मिमीची झूम लेन्स आणि लग्नाच्या शूटिंगवाल्या मित्राकडून आणलेला ट्रायपॉड. नेटवर सगळे ३० सेकंद ३० सेकंद म्हणतात म्हणून २५० वर झूम करून ३० सेकंदाचे पन्नासेक फोटो काढले आणि घरी येऊन बघतो तर प्रत्येक तारा म्हणजे शेवई!! मग एका व्हिडिओत बघून सगळे स्टॅक केले, म्हणजे सॉफ्टवेअरने एकावर एक रचले, तर आउटपुट पूर्ण काळंकुट्ट. म्हणजे आधी निदान शेवया तरी होत्या.

प्रश्न साधा आहे. या सामानात होतं का, की टेलिस्कोप घ्यावाच लागतो? बायको म्हणते आधी आहे त्यातून एक फोटो दाखव, मग पुढचं बोलू. मुद्दा बरोबर आहे तिचा.

खडूस_काका
वहिनींना +१.

होतं. टेलिस्कोपचं नाव सध्या काढू नका. एम४२ आकाशात चंद्रबिंबाच्या दुप्पट रुंद आहे, लहान नाहीये तो, अंधुक आहे. लोकांना वाटतं तेजोमेघ म्हणजे फार लांब, म्हणून फार झूम हवा. लांब आहेच, साधारण साडेतेराशे प्रकाशवर्षं, पण पसरलाय पण तेवढाच. तुमच्या कॅमेऱ्याला २५० वर साधारण पाच अंश रुंदीचं आकाश दिसतं, त्यात हा एक अंशाचा पठ्ठ्या आरामात बसतो. उलट ज्यांनी हौसेने मोठा टेलिस्कोप घेतलाय त्यांच्या फ्रेममध्ये तो मावत नाही.

आता शेवया. पृथ्वी फिरते म्हणून आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आणि मृग जवळपास खगोलीय विषुववृत्तावर असल्यामुळे तिथे हा वेग पुरेपूर लागू. तुमच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल २५० वर साधारण ३ विकलांचा. करा गुणाकार. ३० सेकंदात तारा दीडशे पिक्सेल पळाला. शेवई कसली, नूडल्स म्हणा.

पन्नास_एमएम
५०० चा नियम वापर भावा. ५०० भागिले फोकल लेंथ, कॅननच्या क्रॉप म्हणजे लहान सेन्सरच्या बॉडीला वर १.६ ने भाग. २५० वर १.२५ सेकंद येतात.

खडूस_काका
तो नियम फिल्मच्या जमान्यातला, आता ढिला पडतो. सव्वा सेकंदात पण तारा सहा पिक्सेल सरकतोच. २०० वर या आणि एक सेकंद ठेवा, चार पिक्सेल. मोबाइलवर कळत पण नाही.

हडपसरचा_हौशी
काका एक सेकंद?? एका सेकंदात काय दिसणार, ३० सेकंदात पण धड काही दिसलं नाही 😅

दवबिंदू
दादा, इथेच सगळ्यांची गाडी अडते, माझीही अडली होती पूर्ण एक सीझन, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एका फोटोत तेजोमेघ शोधायचाच नाही. एका सेकंदाचे पाचशे-सहाशे फोटो काढायचे आणि सॉफ्टवेअरला सांगायचं की तारे एकमेकांवर बसव आणि सगळ्यांची सरासरी काढ. तेजोमेघ प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो, कॅमेऱ्याचा नॉइज म्हणजे दाणेदारपणा मात्र दर वेळी वेगळीकडे उड्या मारतो, त्यामुळे सरासरीत नॉइज मरतो आणि तेजोमेघ उरतो. हिशोब वर्गमुळाचा आहे, १०० फोटोंना नॉइज दहापट कमी, ४०० फोटोंना वीसपट. म्हणजे सुरुवातीला भराभर फरक दिसतो आणि मग प्रत्येक पायरीला चौपट मेहनत.

आणि काळंकुट्ट आउटपुट! अहो ते बरोबरच आलेलं असणार, डिलीट नका करू. स्टॅक झालेली फाइल स्ट्रेच करावी लागते. सगळा मालमसाला हिस्टोग्रामच्या (उजेडाच्या आलेखाच्या) डाव्या, काळ्या कोपऱ्यात दाटीवाटीने बसलेला असतो, लेव्हल्स-कर्व्ह्ज वापरून त्याला हळूहळू उजवीकडे ओढायचं. सिरिल नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात खाली डिस्प्ले मोड लिनिअर असतो तो ऑटोस्ट्रेच करून बघा. मी पहिल्यांदा ते केलं तेव्हा रात्री दोन वाजता किंचाळले होते, आई उठून आली काय झालं म्हणून.

ढगफुटी
वाचनखूण साठवली.

नाना_नाशिककर
फोकस कसा केला ते लिहिलं नाही तुम्ही. माझा अंदाज आहे की लांबच्या दिव्यावर ऑटोफोकस लावला.

हडपसरचा_हौशी
नाना तुम्ही तिथे होता का 😳 डोंगरावरच्या मोबाइल टॉवरचा लाल दिवा.

नाना_नाशिककर
सगळे तेच करतात. टॉवर दोन किलोमीटरवर असेल, ताऱ्यांना तेवढा फोकस पुरत नाही. लेन्स मॅन्युअलवर, स्टॅबिलायझर बंद, लाइव्ह व्ह्यू चालू करून व्याधाच्या ठळक ताऱ्यावर कॅमेरा धरा, स्क्रीनवर १० पट मोठं करा आणि रिंग अगदी केसभर केसभर फिरवत ठिपका लहानात लहान करा. जमला की हात काढा आणि परत रिंगला शिवू नका. लेन्स वर तोंड करून असली की झूम आपोआप घसरतो पण, त्याला चिकटपट्टी. मी लग्नपत्रिकेवरची सोनेरी टेप लावतो, अंधारात टॉर्चला चमकते.

फोटो रॉ मध्येच, म्हणजे सेन्सरचा कच्चा डेटा. जेपेगमध्ये काढलेले असतील तर ते पन्नास फोटो विसरून जा.

मृगाचा_पाऊस
एक बाळबोध प्रश्न, हसू नका. मृग नक्षत्र तर ७ जूनच्या सुमारास लागतं ना? आमच्याकडे पेरण्या त्यावरच. मग तुम्ही डिसेंबरात कुठला मृग बघताय?

खडूस_काका
हसण्यासारखं काही नाही, चांगला प्रश्न. जूनमध्ये "मृग लागलं" म्हणजे सूर्य मृगात आला. सूर्यच तिथे बसल्यावर ते नक्षत्र दिवसा उगवणार आणि दिवसाच मावळणार, दिसायचं कसं. सहा महिन्यांनी सूर्य समोरच्या बाजूला गेला की मृग रात्रभर आकाशात. ज्या महिन्यात पौर्णिमेचा चंद्र मृगशीर्षाजवळ असतो तो मार्गशीर्ष, नाव तिथूनच आलंय. म्हणजे दत्तजयंतीला अजिबात जाऊ नका, चंद्र तिथेच शेजारी पेट्रोमॅक्स लावून बसलेला असतो. त्यानंतरची अमावस्या पकडा. आणि पौष अमावस्या तर त्याहून सोयीची, मृग रात्री नऊ-दहालाच माथ्याकडे, पहाटेपर्यंत कुडकुडायला नको. ॲप वगैरे ठीक आहे पण मी भिंतीवरचं कालनिर्णय बघून रजा टाकतो.

मृगाचा_पाऊस
वा! चाळीस वर्षं पेरणी करतोय, हे आज कळलं.

गॅजेटगुरू
सगळ्यांचा आदर ठेवून बोलतो. आजच्या जमान्यात सहाशे फोटो हाताने काढायला का सांगताय नवीन माणसाला? सीस्टार एस५० सारखा स्मार्ट टेलिस्कोप घ्या, गच्चीत ठेवा, मोबाइलवर एम४२ टाइप करा, तो स्वतः शोधतो, ट्रॅक करतो, स्टॅक करतो. ५० मिमी भिंग आणि २५० मिमी फोकल लेंथ, म्हणजे तुमच्या लेन्सएवढंच आहे सगळं, पण घरात बसून चहा पीत फोटो येतो. सोबत ड्युअल बँड फिल्टर आतच, त्यामुळे हडपसरहून पण जमेल.

खडूस_काका
आणि मग दुसऱ्या दिवशी तोच फोटो अजून दहा हजार लोकांनी टाकलेला.

गॅजेटगुरू
काका तुमचा पण तोच एम४२ आहे, तुमच्यासाठी वेगळा नाही ठेवलेला.

दवबिंदू
😂😂 हे मात्र खरं.

मला स्मार्टवाले आवडतात, माझ्या सासऱ्यांना गुडघ्यामुळे शेतात बसवत नाही, ते गच्चीत तेच वापरतात आणि खुश असतात. फक्त दादांनी विचारलंय आहे त्या सामानात होतं का. होतं. मग उगाच खर्चात का पाडायचं. आधीच माझ्या एका भावाने ऑनलाइन "पॉवर ५२५" लिहिलेला टेलिस्कोप घेतला, स्टँड असा की शेजारच्या खोलीत कोणी शिंकलं तरी शनी फ्रेमबाहेर. आता त्यावर टॉवेल वाळतात.

जुनं_पुणं
ड्युअल बँड फिल्टरचं नाव निघालं म्हणून जरा अवांतर. तो फिल्टर दोनच रंग आत सोडतो, हायड्रोजनचा लाल ६५६.३ नॅनोमीटर आणि ऑक्सिजनचा हिरवट ५००.७. यातल्या दुसऱ्याशी आपल्या पुण्याचा संबंध आहे हे फार कमी लोकांना माहीत असतं. इथल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये म्हणजे आताच्या सीओईपीत महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा होती, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभी राहिलेली, आणि ती चालवायचे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला. त्यांनी याच मृगातल्या तेजोमेघाचा वर्णपट तपासून १८९१ मध्ये या मुख्य हिरव्या रेषेवर शोधनिबंध दिला. तेव्हा ही रेषा कशाची हे कुणालाच ठाऊक नव्हतं, लॉकियरसारखा मोठा खगोलशास्त्रज्ञ मॅग्नेशियम म्हणत होता आणि नायगमवालांची निरीक्षणं त्याच्या विरोधात गेली. काही लोक तर "नेब्युलियम" नावाचं नवीनच मूलद्रव्य मानत. शेवटी १९२७ मध्ये बोवेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवलं की तो दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन आहे. वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली, तिथली २० इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. आज शिवाजीनगरहून एम४२ चा वर्णपट घ्यायचा म्हटलं तर आधी सगळे दिवे घालवावे लागतील.

फोटोचंच म्हणाल तर या तेजोमेघाचा पहिला फोटो हेन्री ड्रेपरने १८८० च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत काढला, ११ इंची दुर्बिणीतून, ५१ मिनिटांचं एकच एक्स्पोजर. त्यामुळे हौशीराव, एका सेकंदाला वैतागू नका.

हडपसरचा_हौशी
हे भारी होतं. रोज त्या कॉलेजवरून जातो मी, कामाला.

मग आता एकदा सेटिंग सांगा कोणीतरी, परवा निघतोय.

पन्नास_एमएम
२०० मिमी, ॲपर्चर पूर्ण उघडं, आयएसओ ३२००, १ सेकंद, रॉ, डेलाइट व्हाइट बॅलन्स. लॉकवाला वायर रिमोट घे साधा, ड्राइव्ह कंटिन्युअसवर टाक आणि बटन लॉक करून सोड. कार्ड चांगलं घे नाहीतर मध्येच अडकतं. ६०० रॉ म्हणजे १५-२० जीबी होतात धरून चाल. दर चार-पाच मिनिटांनी फ्रेम परत जुळव कारण २० मिनिटांत पाच अंश म्हणजे जवळपास अख्खी फ्रेम सरकते.

झाकण लावून काढायचे डार्क-बिर्क सोड पहिल्या वेळी. तारे सरकतच असतात, नॉइज आपोआप पसरतो.

दवबिंदू
डार्कबद्दल असहमत. सरकणं एकाच दिशेने असतं ना, त्यामुळे हॉट पिक्सेल पण एकाच दिशेने ओढले जातात आणि बॅकग्राउंडला पाऊस पडल्यासारख्या तिरक्या रेघा येतात. फ्रेम परत जुळवताना दर वेळी मुद्दाम थोडी इकडेतिकडे ठेवा आणि शेवटी लेन्सवर झाकण लावून त्याच आयएसओ-सेकंदाला ३०-४० डार्क काढा, तिथेच थंडीत, घरी येऊन नाही. पाच मिनिटं लागत नाहीत. फ्लॅटसाठी पहाटे लेन्सवर पांढरा टीशर्ट ताणून आकाशाकडे धरा, कोपऱ्यातला काळेपणा जातो. फोकस मात्र हलवायचा नाही.

आणि दव! नावातच आहे माझ्या. जानेवारीत बारानंतर लेन्सवर दव धरतं आणि तुम्हाला वाटतं आकाशच खराब झालं. ट्रेकिंगच्या दुकानात हाताला ऊब देणाऱ्या पुड्या मिळतात, ती लेन्सच्या टोकाशी ठेवून वरून मोज्याचा पाय कापून चढवा.

नाना_नाशिककर
जुन्नर-नारायणगाव पट्ट्यात कोणी जात असेल तर उसाच्या कडेला एकटं बसू नका. बिबट्याला तेजोमेघात रस नसतो. गावात आधी सांगून ठेवा, पोलीस पाटलांना फोन करा.

कॅल्गरीची_आत्या
इकडे कॅनडात ५१ अंश अक्षांशावरून वाचतेय. तुम्हाला काय सुख आहे कल्पना नाही. पुण्याहून मृग ६६ अंश वर चढतो, इकडे जेमतेम ३४. आणि धनु राशीतला लगून तेजोमेघ, एम८, तर इकडे क्षितिजापासून १५ अंश, शेजाऱ्याच्या चिमणीला टेकलेला. त्यात जूनमध्ये आमच्याकडे रात्र पूर्ण काळी होतच नाही. थंडीत रात्र मोठी पण उणे वीसमध्ये बॅटरी अर्ध्या तासात मान टाकते, दुसरी जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवते.

एकच गोष्ट आमची बरी, ध्रुव चांगला उंच आहे. पुढे ट्रॅकर (ध्रुवाकडे रोखून आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र) घ्याल तेव्हा कळेल.

खडूस_काका
आत्या बरोबर. ध्रुव आपल्या अक्षांशाएवढाच वर, म्हणजे पुण्याला साडेअठरा अंश. उत्तरेला एखादा डोंगर किंवा आंब्याचं झाड असलं की संपलं. ट्रॅकर लावायला जागा निवडताना आधी उत्तर मोकळी आहे का बघायची, अंधार नंतर. माझे दोन वीकेंड वाया गेलेत यात. त्यातून ध्रुव पण अगदी ध्रुवबिंदूवर नाही, साधारण ०.६ अंश अंतरावरून गोल फिरतो, तेवढं पण जुळवावं लागतं.

पण आपल्याला दक्षिण मिळते ना! कॅरिना तेजोमेघ एम४२ पेक्षा मोठा आणि तो कॅल्गरीत कधीच उगवत नाही. रत्नागिरीकडच्या एखाद्या सड्यावरून मार्च-एप्रिलमध्ये दक्षिणेला बारा-तेरा अंशांवर येतो. धुकट असतं पण येतो.

कॅल्गरीची_आत्या
जळवा अजून.

*(काही दिवसांनी)*

हडपसरचा_हौशी
मंडळी आलो. आधी वृत्तांत, मग फोटो.

मामांच्या शेतात खळ्यावर ट्रायपॉड लावला, पाय हलू नयेत म्हणून मधोमध पाण्याचा कॅन टांगला. व्याधावर फोकस करायला वीस मिनिटं गेली, नाना तुम्ही म्हणालात केसभर पण माझा केस जाड होता बहुतेक. सव्वादहाला बटन लॉक केलं. खटक खटक खटक चालू झालं आणि मग कळलं की आता आपल्याला काहीच काम नाही. आयुष्यात पहिल्यांदा नुसतं वर बघत बसलो. डोळ्याला तो एम४२ राखाडी कापूस दिसतो, रंग काही नाही.

अकराच्या सुमारास लांबून टॉर्च आली. शेजारच्या शेतातले आप्पा, पंपाला रात्रीची लाइट होती म्हणून पाणी धरायला आलेले. "कोण हाय रं तिकडं" म्हणत त्यांनी थेट लेन्सवरच टॉर्च मारली. मी ओरडलो टॉर्च बंद करा, ते अजून जवळ आले, त्यांना वाटलं मोटार चोरायला आलाय कोणी. मामांचं नाव सांगितल्यावर शांत झाले. मग मी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर एक सेकंदाचा फोटो दाखवला, त्यात बारीक गुलाबीसर डाग होता. आप्पांनी बराच वेळ बघितलं, वर बघितलं, परत स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाले "ही तर हरणी, लहानपणापास्नं बघतोय, हिच्या पोटात हे कधी आलं?" मला काय उत्तर द्यावं कळेना.

एकूण ७०० काढले. आप्पांचे ११, दवाचे ४० आणि माझा पाय ट्रायपॉडला लागला ते असे सगळे वजा जाता ६२० उरले, म्हणजे सगळं मिळून दहा मिनिटं वीस सेकंद. ड्रेपरसाहेबांच्या वेळेचा पाचवा भाग. डार्क ४०. सिरिलमध्ये टाकले, लॅपटॉप दोन तास विमानासारखा घरघरत होता, परत काळं आलं. मग ऑटोस्ट्रेच दाबलं.

दवबिंदू ताई, मी पण किंचाळलो.

फोटो खाली टाकलाय. दोन्ही बाजूचे पंख आलेत, बाजूला एम४३ या छोट्या तेजोमेघाचा स्वल्पविराम आहे आणि वर रनिंग मॅन या शेजारच्या तेजोमेघाची निळसर सावली आहे की माझ्या डोळ्याचा भास ते सांगा.

दवबिंदू
भास नाही, आहे!! अभिनंदन दादा. पावसाच्या रेघा पण नाहीत. 👏👏

खडूस_काका
चांगला आहे. आता टीका. तारे लांबट आहेत, ते ट्रॅकरशिवाय असणारच. मधला भाग तुम्ही स्ट्रेच करताना जाळलाय, एक सेकंदाच्या फ्रेममध्ये तो भाग शाबूत असणार, परत प्रोसेस करताना कमी ओढून बघा. मधोमध असलेले ट्रॅपेझियमचे चार तारे सुटे नाही व्हायचे या लेन्सला, पण पांढरा भोपळा तरी जाईल. आणि लाल कमी आहे कारण कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा फिल्टर हायड्रोजनचा बराच लाल अडवतो. तो काढून देणारे लोक आहेत, पण एवढ्यात नको, वॉरंटी जाते.

गॅजेटगुरू
मस्त आलाय रे. माझ्या सीस्टारमध्ये आप्पा मिळत नाहीत हे मान्य.

मृगाचा_पाऊस
आमच्याकडे पण हरणीच म्हणतात. आप्पांना फोटो प्रिंट करून द्या.

हडपसरचा_हौशी
दिलाय, ए४ साइज, लॅमिनेट करून. मामा सांगत होते पंपाच्या खोलीत स्टार्टरच्या बाजूला लावलाय.

बायकोने फोटो बघितला. म्हणाली छान आहे, आणि ट्रॅकर केवढ्याला येतो ते विचारलं. मी अजून खरी किंमत सांगितली नाहीये. कोणाकडे जुना विकायचा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. तोपर्यंत मार्चच्या अमावस्येला पहाटे चारला एम८ बघणार आहे, आग्नेयेला मामांच्या शेतात झाडं नाहीत.

नाना_नाशिककर
व्यनि केलाय. आणि वळवाचे ढग यायच्या आत काय ते उरका, मग कॅमेरा सिलिका जेलच्या डब्यात सप्टेंबरपर्यंत. माझ्या पहिल्या लेन्सला बुरशी लागली होती, आत अगदी तेजोमेघच दिसायचा.